बडोद्याचा इतिहास मंडळात, सोसायटीत, शाळेत जाऊन सांगायचा असेल तर: पहिल्या फोनपासून नंतरच्या कामापर्यंत

बडोद्यात मंडळांची कमी नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली गणेश मंडळं आहेत, महिला मंडळं आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप आहेत, ज्ञातीच्या संस्था आहेत, आता तर कारेलीबाग आणि वाघोडिया रोडच्या सोसायट्यांमध्येपण मराठी मंडळी जमून कार्यक्रम करतात. आणि सगळ्यांना वर्षभर काहीतरी कार्यक्रम हवाच असतो. आपल्या गावच्या इतिहासावर कोणीतरी बोला म्हटलं की लोक लगेच तयार होतात, अडतं ते बोलणाऱ्यापाशी, म्हणजे ज्याला खरंच माहितीये तो म्हणतो मी काही वक्ता नाही, आणि जो छान बोलतो तो व्हॉट्सॲपवर फिरणारं तेच तेच सांगून येतो.

हे काम मनापासून करणाऱ्या कोणालाही जमू शकतं असं मला वाटतं. डिग्री लागत नाही, पद्धत लागते. थोडंच सांगायचं पण हातात पुरावा ठेवून सांगायचं, आणि उरलेला वेळ समोर बसलेल्यांना द्यायचा, कारण बडोद्याच्या मराठी घरांत अजून इतके फोटो, कागद आणि आठवणी पडून आहेत की आपलं व्याख्यान हे खरं तर ती कपाटं उघडायचं निमित्त आहे. खालचं सगळं याच हिशोबाने लिहितेय.

बोलावणं आलं की आधी फोनवर विचारून घ्या

तारीख ठरवायच्या आधी विचारा की किती लोक येतील, साधारण वय काय, हॉल कुठला, माइक आहे का, प्रोजेक्टर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या आधी आणि नंतर काय आहे. "तासभर बोला" असं सांगतात पण त्या तासात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, मागच्या महिन्याचा अहवाल हे सगळं असतं, त्यामुळे तुमच्या हातात चाळीस मिनिटं राहिली तर पुष्कळ. हळदीकुंकवाच्या आधीचं व्याख्यान असेल तर पस्तीसच धरा, बायकांना घरी जायची घाई असते आणि ती योग्यच आहे.

गणेशोत्सवात आरतीनंतर बोलायचं असेल तर लहान मुलं समोर असणार, बाहेर रस्त्यावर आवाज असणार, लोक येत जात असणार. तिथे वीस मिनिटांची एकच गोष्ट घ्या, फोटो मोठे, तारखा दोन-तीनच. ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये उलट असतं, तिथे लोक वेळेआधी येऊन बसतात, मन लावून ऐकतात आणि नंतर अर्धा तास बोलतात. तो अर्धा तास आधीच मागून घ्या. आयोजकांना स्पष्ट सांगा की माझं बोलणं पस्तीस मिनिटं आणि गप्पा पंचवीस मिनिटं, आभारप्रदर्शन त्यानंतर.

भाषेचंही विचारा. घरात गुजराती सुना-जावई असतात, ते कौतुकाने येतात आणि त्यांना मराठी समजतं पण अवघड शब्द आले की सुटतं.

विषय लहान घ्या, अगदी लहान

"बडोद्याचा इतिहास" हा विषय घेऊ नका. १७३४ ला बडोदं गायकवाडांच्या हाती आलं आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, मधली दोनशेच्या वर वर्षं चाळीस मिनिटांत बसवायला गेलात तर नुसती पिलाजीराव, दमाजीराव अशी नावांची यादी होते आणि घरी जाताना कोणाच्याच लक्षात काही राहात नाही. एक घटना घ्या, एक इमारत घ्या, एक माणूस घ्या, नाहीतर एक वर्ष घ्या.

काही विषय सुचवते. डभोई ते मियागाम ही १८६२ ला सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे, जिचे डबे आधी बैल ओढत होते आणि इंजिन नंतर १८७३ च्या सुमारास आलं, हा मुलांना हमखास आवडणारा विषय. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय, १८९३ ला अमरेलीकडे प्रयोग आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात, यावर शाळेत बोलाल तर शिक्षकही बसून ऐकतील. २० जुलै १९०८ ला मांडवीत सुरू झालेली बँक ऑफ बडोदा, निवृत्त बँकवाल्यांच्या ग्रुपसाठी. १८८६ ला मौलाबक्षांनी चालवायला घेतलेली गायनशाळा. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, जो आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि ज्याच्या भिंतींवरची चित्रं बडोद्याच्या कित्येक मराठी माणसांनी अजून पाहिलेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठी साहित्य संमेलनं बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि मग थेट २०१८ ला झाली, हाही सुंदर विषय आहे, २०१८ चं संमेलन तर तुमच्या श्रोत्यांपैकी काहींनी स्वतः पाहिलेलं असणार.

आणि सगळ्यात चांगला विषय म्हणजे ज्यांनी बोलावलंय त्यांचीच गल्ली, त्यांचंच देऊळ, त्यांचीच शाळा. पण त्याला मेहनत जास्त लागते, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा.

माहिती कुठून आणायची

मोबाइल उघडून पहिला जो लेख दिसेल तो वाचायचा, असं करू नका. बडोदा संस्थानाची दोन जुनी गॅझेटियर आहेत, एक १८८३ चं एलियट यांनी लिहिलेलं (हेच एलियट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे शिक्षक होते) आणि दुसरं १९२३ चं, दोन खंडांत, गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांचं. दोन्ही इंग्रजीत आहेत, जुनी असल्यामुळे इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. कुठलाही विषय घेतलात तरी सुरुवात इथून करा, कारण निदान गाव, साल, दिवाण कोण, रेसिडेंट (म्हणजे दरबारातला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी) कोण हे पक्कं होतं. पण हेही लक्षात ठेवा की १८८३ चं पुस्तक ब्रिटिश सरकारच्या मालिकेतलं आहे आणि १९२३ चं संस्थानच्या, म्हणजे एकात साहेबाची नजर आणि दुसऱ्यात दरबाराची. एकच घटना दोन्हीकडे वाचून बघितली की फरक लगेच दिसतो आणि तो फरकच लोकांना सांगण्यासारखा असतो.

मग मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९१० ला महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ही व्यवस्था उभी केली, ती लोखंडी कपाटं आणि काचेच्या लाद्या बघायला तरी जाच. तिथे जुनी मराठी पुस्तकं मिळतात जी दुसरीकडे मिळणं अवघड. युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी आहे, आणि सरकारी अभिलेखागार आहे जिथे संस्थानचं जुनं दफ्तर आहे, त्यातलं पुष्कळसं मराठीत, मोडी लिपीत. आपले चिं. वि. जोशी ज्यांना आपण विनोदासाठी ओळखतो ते बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते आणि संस्थानच्या दफ्तराचं कामही त्यांनी सांभाळलं, आणि रियासतकार सरदेसाईंची तर सगळी नोकरीच बडोद्याची. म्हणजे इतिहासाचं काम करायची परंपरा याच गावात आहे, आपण ती पुढे न्यायची.

अभिलेखागारात पहिल्याच दिवशी काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. अर्ज, ओळखपत्र, विषय नेमका लिहून न्या. "गायकवाडांबद्दल काही आहे का" असं विचारलं तर कोणी मदत करू शकत नाही, "१८७५ ते १८८१ मधले शाळा खात्याचे कागद" असं विचारलं तर करतात.

वहीत तीन खुणा

मी हे सगळ्यांना आग्रहाने सांगते. टिपणं काढताना प्रत्येक वाक्याच्या बाजूला खूण करा: क म्हणजे कागदावर आहे, आ म्हणजे कोणाच्या तरी आठवणीत आहे, आणि दं म्हणजे दंतकथा. क च्या बाजूला पुस्तकाचं नाव आणि पान, आ च्या बाजूला कोणी सांगितलं आणि कधी.

याचा उपयोग बोलताना होतो. छोटे गोपाळराव (पुढचे सयाजीराव) दत्तक निवडीसाठी कवळाणे गावाहून आले, इतर मुलांबरोबर त्यांनाही विचारलं की इथे कशाला आलास, आणि ते म्हणाले राज्य करायला आलोय, ही गोष्ट बडोद्यात लहान पोरालाही माहितीये आणि ती सांगायला काहीच हरकत नाही, पण "असं सांगतात" हे दोन शब्द आधी लावायचे. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि ते सयाजीराव झाले, हे मात्र सरळ सांगायचं, तिथे "सांगतात" नको. दोन वाक्यांमधला हा फरक ऐकणाऱ्याला जाणवतो आणि तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

लक्ष्मीविलास राजवाड्याचंच घ्या. आर्किटेक्ट मँट यांना हिशोब चुकला, इमारत पडणार असं वाटलं आणि त्यांनी जीव दिला, ही गोष्ट जो तो रंगवून सांगतो. तुम्ही काय करायचं, तर मँट १८८१ ला वारले, काम चिझम यांनी पुढे नेलं आणि राजवाडा १८९० ला पूर्ण झाला, हे ठामपणे सांगायचं आणि बाकीच्याला दंतकथा म्हणायचं. तसंच ते "बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट". कुठलं माप, जमिनीचं का बांधकामाचं, कोणी मोजलं, हे कोणी सांगत नाही. मोजमाप हातात नसेल तर ते वाक्य गाळा, राजवाडा त्या वाक्याशिवायही मोठाच आहे.

एक पूर्ण उदाहरण: मल्हाररावांचा खटला

व्याख्यान बांधायचं कसं हे एका विषयावर दाखवते: सयाजीरावांच्या आधीचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरचा खटला. हा विषय मला फार आवडतो कारण यात रहस्य आहे, राजकारण आहे, आणि शेवटी निकाल काय लागला हे बऱ्याच बडोदेकरांना नीट माहीत नसतं. "मल्हाररावांनी साहेबाला विष घातलं म्हणून गादीवरून काढलं" असं एका ओळीत लोक सांगून मोकळे होतात, आणि प्रकरण तसं नाहीये.

सुरुवात वंशावळीपासून करू नका. सुरुवात त्या सकाळपासून करा. ९ नोव्हेंबर १८७४, बडोद्याची रेसिडेन्सी, रेसिडेंट कर्नल फेयर फिरून आले, टेबलावर नेहमीसारखा पपनसाच्या सरबताचा ग्लास होता, दोन-चार घोट घेतले, चव बरी लागली नाही, उरलेलं ओतून दिलं आणि तळाशी गाळ दिसला. तो गाळ तपासायला गेला, त्यात सोमल (आर्सेनिक, म्हणजे विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. इथे थांबा. पाणी प्या. हॉलमध्ये शांतता असते आणि आता तुम्ही सांगाल ते लोक ऐकणार.

मग मागे जा. १८७० ला खंडेराव महाराज वारले, त्यांचे भाऊ मल्हारराव तेव्हा पादऱ्याला कैदेत होते, खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई गरोदर होत्या, मुलगा झाला असता तर चित्र वेगळं असतं, मुलगी झाली आणि गादी मल्हाररावांकडेच राहिली. १८७३ ला फेयर रेसिडेंट म्हणून आले आणि दोघांचं पहिल्यापासून बिनसलं. तक्रारी, चौकशी कमिशन, सुधारायला मुदत. आणि या सगळ्यात दिवाण म्हणून कोण होतं, तर दादाभाई नवरोजी! हे सांगितलं की नेहमी कुजबुज होते, कारण दादाभाई काही काळ बडोद्याचे दिवाण होते हे शाळेच्या पुस्तकात ठळक नसतं. २ नोव्हेंबरला मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला की फेयरना इथून हलवा, आणि आठवड्यातच ती सरबताची सकाळ. ही दोन टोकं लोकांपुढे ठेवा आणि निष्कर्ष तुम्ही काढू नका, लोक स्वतः विचार करायला लागतात.

मग तपास. मुंबईहून पोलीस आले, रेसिडेन्सीतले रावजी आणि नरसू हे नोकर, महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत, यांचे जबाब. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक, फेब्रुवारीत कमिशन बसलं. सहा जण, तीन इंग्रज अधिकारी आणि तीन आपल्याकडचे, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले. आणि निकाल? तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सदस्य म्हणाले आरोप सिद्ध झाला नाही. त्यामुळे सरकारने विषप्रयोगाच्या मुद्द्यावर काढलंच नाही, गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ ला ते वारले.

इथे दोन मिनिटं द्या आणि दुसरी बाजूही सांगा. रयतेवर जुलूम झाल्याच्या तक्रारी होत्या, त्या सगळ्या काही फेयरनी रचल्या नव्हत्या. मल्हाररावांना निर्दोष वीर करायचं नाही आणि खलनायकही करायचं नाही. शेवट जमनाबाईंवर आणा: त्यांना दत्तक घेऊ दिलं, कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा आला, सर टी. माधवराव दिवाण झाले आणि २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार आला. बास. सयाजीरावांच्या कामगिरीत शिरू नका, ते दुसरं व्याख्यान आहे.

वेळेचा हिशोब असा की सकाळची घटना चार-पाच मिनिटं, मागची गोष्ट दहा, तपास आणि कमिशन बारा, निकाल पाच, शेवट तीन-चार. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द या गतीने बोललात तर ज्येष्ठांना नीट ऐकू येतं. घरी मोबाइलवर टाइम लावून मोठ्याने दोनदा बोलून बघा, मनातल्या मनात वाचून वेळ कळत नाही. आणि पाठ करू नका, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तारखा आणि नावं लिहून हातात ठेवा.

बोलायची भाषा

आपलं बडोद्याचं मराठी आहे तसं बोला. पुण्याच्या सभेत बोलल्यासारखं जड मराठी आणलं तर आपलीच माणसं परकी होतात. गुजराती शब्द सहज येत असतील तर येऊ द्या. पण लिहिलेला मजकूर, म्हणजे स्लाइडवरचा, कमीत कमी ठेवा, कारण आपली नवी पिढी मराठी फाडफाड बोलते पण वाचायला वेळ घेते, गुजराती किंवा इंग्रजी शाळेत गेलेली असते ना. स्लाइडवर साल आणि नाव, एवढंच. बाकी तोंडी.

तारखा तीन-चारपेक्षा जास्त लक्षात राहात नाहीत. त्याऐवजी लोकांच्या ओळखीची जागा सांगा. "मांडवीतून चांपानेर दरवाजाकडे जाताना", "सुरसागरच्या काठी", "काला घोडाच्या समोर" असं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ती जागा येते आणि १८७५ साल तिथे जाऊन बसतं.

फोटो, प्रोजेक्टर, हॉल

दहा-बारा फोटो पुरेत, एका स्लाइडवर एकच. जुन्या फोटोच्या शेजारी तीच जागा आज कशी आहे तो स्वतः काढलेला फोटो लावा, खंडेराव मार्केट, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, कुठलाही. लोक यावर सगळ्यात जास्त बोलतात. नेटवरून उचललेल्या फोटोखाली तो कुठून आला ते लिहा, आणि नक्की बडोद्याचाच आहे ना हे तपासा, कारण दुसऱ्याच संस्थानचे फोटो बडोदा म्हणून फिरत असतात. दरवाजाची कमान, मागचा मनोरा, दुकानाची पाटी, अशी एखादी पक्की खूण पटल्याशिवाय फोटो वापरू नका.

हॉलवर अर्धा तास आधी पोहोचा. प्रोजेक्टरची वायर तुमच्या लॅपटॉपला लागते का, एक्स्टेंशन बोर्ड आहे का, पडद्यावर उजेड येतो का, शेवटच्या रांगेतून दिसतं का ते स्वतः मागे बसून बघा. फाइल पेनड्राइव्हवर पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट उडायची भीती राहात नाही. लाइट गेली किंवा प्रोजेक्टर चाललाच नाही तर पाच-सहा मुख्य फोटोंच्या मोठ्या प्रिंट बरोबर असू द्या, त्या हातोहात फिरवता येतात, आणि खरं सांगायचं तर आज्यांना त्याच जास्त आवडतात. माइक असेल तर वापरा, "मला माइकची गरज नाही" असं म्हणू नका, गरज तुम्हाला नसते, मागच्या रांगेला असते.

अवघड गोष्टी टाळू नका

बडोद्याचा इतिहास म्हणजे नुसता अभिमान असं करून ठेवलं तर तो खोटा होतो. बाबासाहेबांचंच सांगते. १९१३ ला त्यांना कोलंबियाला पाठवणारी शिष्यवृत्ती बडोद्याची, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, सांगायलाच हवं. पण १९१७ ला ते नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, काही दिवसांनी लोक काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले, ओळखीच्यांनी घरात घेतलं नाही, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाटी बागेत बसून राहिले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या बागेत आपण सुट्टीला मुलांना घेऊन जातो तीच बाग. दोन्ही गोष्टी एकाच व्याख्यानात सांगा, आवाज न चढवता, पूर्ण सांगा. कोणी म्हणालं की असं कशाला उकरायचं, तर शांतपणे सांगा की आपण शिष्यवृत्तीची गोष्ट सांगतो तेव्हा ही त्याच माणसाची पुढची गोष्ट आहे. महाराजांचा हुकूम असूनही गावाने काय केलं हे कळल्याशिवाय महाराजांची लढाई कशाशी होती तेही कळत नाही.

दुसरी काळजी म्हणजे समोर वंशज बसलेले असू शकतात. सरदार घराणी, दरकदार (वंशपरंपरेने दरबारी हुद्दा असलेले), दिवाणांची घरं, सगळी इथेच आहेत. कोणाच्या पणजोबांबद्दल काही कडू बोलायचं असेल आणि ते क खुणेचं असेल तर आयोजकांना आधी सांगून ठेवा आणि शक्य असेल तर त्या घरातल्यांशी आधी बोला. आ किंवा दं खुणेचं असेल तर बोलूच नका.

प्रश्न आणि गप्पा

हा भाग लोक शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात आणि मला तेच पटत नाही. पहिला प्रश्न यायला वेळ लागतो, म्हणून तुम्हीच विचारा, पण नेमकं विचारा. "कोणाला काही आठवतंय का" असं विचारलं तर सगळे गप्प बसतात. "तुमच्या घरी पाणी कुठून यायचं, विहीर होती का आजवा तलावाच्या पाण्याचा नळ", "तुमच्यापैकी कोणाचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, कुठल्या खात्यात", "गणपती विसर्जनाला मिरवणूक कुठल्या रस्त्याने जायची" असं विचारा, हात वर होतात.

कोणीतरी उठून म्हणेल की तुम्ही सांगितलं ते चूक आहे. तावातावाने वाद घालू नका. कुठे वाचलंत किंवा कोणी सांगितलं ते विचारा, वहीत लिहून घ्या, आणि तुमच्याकडचा आधार सांगा. उत्तर येत नसेल तर "बघून कळवते" म्हणा आणि खरंच कळवा, मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाका, पुढचं बोलावणं त्या दोन ओळींमुळे येतं. एकच काका पंधरा मिनिटं बोलत राहिले तर "काका, हे मला नीट ऐकायचंय, कार्यक्रम झाल्यावर बसूया" असं म्हणून माइक पुढे द्या, आणि नंतर खरोखर त्यांच्याजवळ जाऊन बसा. बऱ्याचदा सगळ्यात मोलाची माहिती त्यांच्याकडेच असते.

बायकांना मुद्दाम माइक द्या. खासगी कारभार, लग्नकार्यं, शेजारपाजार, कोण कुठल्या वाड्यात राहायचं, कोणाचं घर कधी विकलं, हे त्यांना पाठ असतं आणि ते कुठल्याच गॅझेटियरमध्ये नसतं.

व्याख्यान संपल्यावरचं काम

"आमच्याकडे पण जुने कागद आहेत" असं कोणीतरी म्हणणारच. तिथल्या तिथे नाव, फोन लिहून घ्या आणि आठ दिवसांत त्यांच्या घरी जा. उशीर करू नका. घरं रिकामी होतायत, मुलं परदेशात आहेत, फ्लॅटमध्ये जाताना पेट्या पस्तीवाल्याला जातात, आणि ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात तळमजल्यावरच्या घरांत काय काय भिजलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून फेकला जातो याचं फार दुःख होतं, कारण त्यात एखाद्या वेळी आख्ख्या गल्लीचा हिशोब असतो.

मूळ कागद घेऊन जाऊ नका, त्यांच्याच घरी बसून फोटो काढा. खिडकीशी उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर धरून, आणि मागची बाजूही काढा कारण नाव-तारीख बहुतेक मागे असते. फोटो स्कॅन करायचे असतील तर ६०० डीपीआय ठेवा, कागदांना ३०० चालतं. लॅमिनेशन करायला, सेलोटेप लावायला मनाई करा. भिजलेले कागद उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली सुकवायचे, एकमेकांना चिकटले असतील तर ओढायचे नाहीत. मोडी वाचणारं कोणी जवळ नसेल तर आधी नीट फोटो काढून ठेवा, मोडीचे वर्ग हल्ली ऑनलाइनही असतात, वाचणारा मिळतो.

परवानगी लिहून घ्या, साध्या कागदावर चालते: हा फोटो व्याख्यानात दाखवला तर चालेल का, घराण्याचं नाव सांगायचं का, ग्रुपवर टाकायचा का. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. आठवणी रेकॉर्ड करायच्या असतील तर सुरुवातीलाच तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या.

मानधनाबद्दल लोक संकोच करतात. छोट्या मंडळाकडून घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण निदान प्रिंट, रिक्षा यांचा खर्च आधी बोलून घ्या. पैशाऐवजी एक मागा: मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या बघायला मिळाव्यात. गणेश मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांमधून वर्गणी कोणी दिली, मूर्ती कितीची, मेळे कुठले आले हे सगळं निघतं आणि त्याच मंडळासाठीचं पुढच्या वर्षीचं व्याख्यान त्यातूनच तयार होतं.

चार-पाच व्याख्यानं झाली की फेरी काढा. लहरीपुऱ्यापासून मांडवी, तिथून पाणी दरवाजापर्यंत, सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत, वीसच्या वर माणसं नकोत. वाटेत सहा ठिकाणीच थांबा आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. ज्येष्ठ असतील तर बसायची जागा आणि बाथरूम कुठे आहे ते आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवा.

आणि एक वही वेगळी करा, व्याख्यानांची नाही, मिळालेल्या कागदांची. कोणाकडून काय मिळालं, कधी, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, परवानगी कशाची. फोटोंच्या फाइलला "आयएमजी ००२३" असं नाव ठेवू नका, साल, जागा आणि घराण्याचं आडनाव असं नाव द्या, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर घालून त्या घरच्यांनाही द्या, बरोबर चांगल्या कागदावर एक प्रिंट. ती प्रिंट त्यांच्या नातेवाइकांत फिरते आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरातून फोन येतो की आमच्याकडे पण एक पेटी आहे, कधी येता?